पुण्याहून पहिली परदेशवारी: आधी कागद, मग तारखा, तिकीट शेवटी

पहिल्यांदा परदेशी फिरायला जायचं म्हटलं की आपल्याकडे सुरुवात तिकिटापासून होते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी बँकॉकच्या स्वस्त भाड्याचा स्क्रीनशॉट टाकतं, रात्री जेवणं उरकल्यावर सगळे मोबाइलभोवती जमतात आणि तिकिटं काढून मोकळे होतात. मग एकेक बाहेर येतं. आईच्या पासपोर्टची मुदत चार महिन्यांत संपतेय, धाकट्याचा पासपोर्ट काढलेलाच नाही, थोरल्याची सहामाही नेमकी त्याच आठवड्यात आहे. आणि स्वस्त तिकीट रद्द केलं तर हातात जवळपास काहीच येत नाही.

म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा लावलाय. पासपोर्ट, मग सुट्टीच्या तारखा, त्यावरून देश, देशावरून व्हिसा, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. व्हिसा लागत नाही अशा देशाचं तिकीट अर्थात लवकर काढलेलं बरं, पण तेही पहिल्या दोन गोष्टी पक्क्या झाल्यावरच.

पासपोर्ट

घरातले सगळे पासपोर्ट आजच कपाटातून काढा आणि मुदत बघा. थायलंड, सिंगापूर, मलेशिया, व्हिएतनाम, दुबई या सगळ्यांना तुम्ही तिथे पोचता त्या दिवसापासून किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते. युरोपच्या शेंगेन देशांना (एकच व्हिसा चालणारा देशांचा गट) तिथून निघण्याच्या तारखेनंतर ३ महिने चालतात, पण पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. मुदत संपेपर्यंत थांबायची गरज नसते, वर्षभर आधीच नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो आणि हे हमखास विसरलं जातं.

नवा काढायचा असेल तर अर्ज ऑनलाइन. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’वर संपतो. शोधताना वर जाहिरातीत दिसणारी, तशाच नावाची आणि जास्तीचे पैसे मागणारी पानं सोडून द्या. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये. पुण्यात मुख्य सेवा केंद्र मुंढव्याला आहे आणि पासपोर्टचं प्रादेशिक कार्यालय बाणेरला. लोक एकाऐवजी दुसरीकडे जाऊन उभे राहतात आणि मग रिक्षाने शहर ओलांडत बसतात, तेव्हा अपॉइंटमेंटच्या पावतीवर छापलेला पत्ता वाचा. पोलिस पडताळणीसाठी सध्या राहता त्या भागाचं पोलिस ठाणं बरोबर भरा. वाकड, हिंजवडी, भोसरी हा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो, पुणे शहर आयुक्तालयात नाही. भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार जवळ ठेवा.

मुलांच्या अर्जाला आईवडील दोघांच्या सहीचं ‘अनेक्शर डी’ हे घोषणापत्र लागतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. महापालिकेच्या दाखल्यावर बाळाचं नाव घालायचं राहिलं असेल तर ते काम सगळ्यात आधी.

मराठी घरांत खरी गुंतागुंत नावांची असते. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव फक्त आद्याक्षराने. परदेश प्रवासात पासपोर्टवरचं नाव हे एकच नाव खरं धरा. तिकीट, व्हिसा, विमा, हॉटेल, सगळीकडे त्याच स्पेलिंगने. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर दुबईचा बेत आखण्यापूर्वी तो दुरुस्त करून घ्या, कारण एकेरी नावाच्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिराती पर्यटकाला प्रवेश देत नाही.

सुट्टी बघून देश निवडा

शाळेत जाणारी मुलं असली की आपल्याला दोनच मोसम मिळतात, दिवाळी आणि मे. त्यामुळे ‘कुठे जायचं’ याआधी ‘त्या दिवसांत तिथे काय असतं’ हे बघायला हवं.

दिवाळीत मध्य व्हिएतनाम, म्हणजे दा नांग आणि होई आन, ऐन पावसात असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे पूरही येतात. फुकेत आणि क्राबीचा पाऊस ऑक्टोबर सरता सरता ओसरतो, तेव्हा दिवाळी नोव्हेंबरात येईल त्या वर्षी तिकडे जायला हरकत नाही. दुबईलाही तेव्हाच जावं. मे महिन्यात तिथे पारा चाळिशीपार जातो आणि पुण्याच्या उन्हातून सुटून आलेला माणूस मॉलमध्येच अडकतो.

मे महिन्यासाठी बाली चांगलं, कोरडा मोसम नुकता सुरू झालेला असतो. युरोपही चांगला, मात्र ट्युलिप बघायचेच असतील तर नेदरलँड्सची कुकेनहॉफ बाग मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, आणि आल्प्समधले काही उंच घाट मेअखेरपर्यंत बर्फाने बंद असतात. जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मे हा त्यांच्या सुट्ट्यांचा आठवडा, तेव्हा सगळा जपानच फिरायला निघालेला असतो.

पहिल्या खेपेला एक देश आणि त्यातली दोन गावं, एवढंच ठेवा. आठ दिवसांत पाच देश बघता येतात हे खरं, पण त्यातला निम्मा वेळ बसच्या खिडकीतून जातो.

टूरबरोबर की आपलं आपण?

या प्रश्नावर पुण्यात वाद घालायला माणसं कायम तयार असतात. माझं मत सरळ आहे. बरोबर सत्तरीपुढचे आईवडील असतील, रोज वरणभात लागत असेल आणि जायचं युरोपला असेल, तर मराठी टूर कंपनीला दिलेले जादा पैसे वसूल होतात. सिंगापूर, बँकॉक, बाली, श्रीलंका इथे आपलं आपण जाणं मुळीच अवघड नाही.

टूरचं बुकिंग करताना दोन गोष्टी लेखी विचारा. किमतीत काय नाही (व्हिसा, विमा, टिप, दुपारचं जेवण) आणि रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे कापले जातील. परदेशी पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने बिलातच वसूल करून सरकारकडे भरायचा कर) आकारला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. हा पैसा बुडत नाही. तो पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना करातून वजा होतो किंवा परत मिळतो. म्हणून बिल नियमित विवरणपत्र भरणाऱ्याच्या पॅनवर घ्या.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर देशांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट, जवळपास काहीच लागत नाही असा. नेपाळ आणि भूतानला व्हिसा नाही. नेपाळला विमानाने जाताना मोठ्या माणसांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. फक्त आधार घेऊन गेलेली माणसं विमानतळावरूनच परततात (१५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना आधार चालतं). भूतान भारतीयांकडून माणशी प्रत्येक रात्रीचे १,२०० रुपये शुल्क घेतो, ते खर्चात धरा. थायलंडला लहान सहलीसाठी भारतीयांना सध्या व्हिसा लागत नाही, पण मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या ३ दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. मलेशियाने भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत व्हिसामाफी दिली आहे, तिथेही असंच कार्ड भरायचं. ही दोन्ही कार्डं फुकट आहेत. कार्डासाठी पैसे मागणारं पान सरकारी नाही, बंद करा.

‘व्हिसा लागत नाही’ याचा अर्थ कुणी काही विचारणार नाही असा मात्र नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पुरेसे पैसे दाखवायला सांगू शकतात. हे कागद छापून न्या, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेतच संपते.

दुसरा गट ऑनलाइनवाल्यांचा. व्हिएतनामच्या एका प्रवेशाच्या ई-व्हिसाला २५ डॉलर पडतात. अर्जातल्या आणि पासपोर्टच्या नावात एका अक्षराचा फरक पडला तर पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे. श्रीलंकेचं ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) ऑनलाइन मिळतं. इंडोनेशियात उतरल्यावरही व्हिसा मिळतो, ५ लाख रुपैया भरून. आकडा ऐकून दचकू नका, आपले तीन हजारांच्या आतबाहेर होतात. सिंगापूरचा अर्ज अधिकृत एजंटमार्फत करायचा असतो आणि पुण्यात असे एजंट आहेत. दुबईचा व्हिसा विमान कंपनी किंवा एजंट काढून देतो.

तिसरा गट म्हणजे फाइल घेऊन जायचे देश: शेंगेन, ब्रिटन, अमेरिका. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी पुण्याबाहेर, बहुतेकांना मुंबईला, जावं लागतं. बाकीच्यांपैकी काहींचे अर्ज पुण्यातल्या व्हिसा अर्ज केंद्रात घेतले जातात, काहींचे नाहीत. ही यादी बदलते, तेव्हा अपॉइंटमेंट घेताना शहर तपासा.

शेंगेनबद्दल जरा सविस्तर, कारण मे महिन्यात पुणेकरांची गर्दी तिकडेच असते. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तिथे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. नियम सांगतो की निदान १५ दिवस आधी करा, पण तेवढ्यावर विसंबून राहिलात तर मेच्या सहलीचा व्हिसा जूनमध्ये हातात पडेल. एप्रिल-मेच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच फाइल द्या. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. निर्णय होईपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडेच राहतो, तेव्हा त्या काळात ऑफिसचा दुसरा परदेश दौरा नको.

फाइलमध्ये पुढचं सगळं लागतं: पगाराच्या चिठ्ठ्या, ऑफिसचं रजा मंजुरीचं पत्र, बँकेचं काही महिन्यांचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, विमा, हॉटेल आणि विमानाचं बुकिंग. निवृत्त असाल तर पेन्शनचं पासबुक. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी चार लाख आणून ठेवणं हा प्रकार करू नका. स्टेटमेंट बघणारा माणूस दिवसभर तेच बघत असतो. रक्कम खरोखरच कुठून आली असेल, समजा एफडी मोडली, तर तिचा कागद जोडा. विमानाचं पैसे भरलेलं तिकीट लागत नाही, आरक्षण पुरतं. हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घ्या. फोटोसाठी स्टुडिओत ‘पासपोर्ट साइज’ म्हणू नका, देशाचं नाव सांगा. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर लागतो, अमेरिकेला दोन इंची चौकोनी.

तिकीट, आणि त्याआधीचा घाट

लोहगावहून थेट परदेशी जाणारी विमानं मोजकी आहेत. दुबई आणि बँकॉकसाठी आधी पुण्याचं थेट तिकीट बघा. भाडं चार पैसे जास्त असलं तरी मुंबईच्या जाण्यायेण्याच्या गाडीचा खर्च आणि एक रात्र वाचते. दुसरा मार्ग लोहगावहून दिल्ली किंवा बंगळुरू गाठून पुढे जायचा. असं करताना दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही.

बाकी सगळ्यांना मुंबई, म्हणजे सहारचं टर्मिनल २. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत उड्डाणांनी सुरू झाला. पुणेकरांना तो जवळचा आहे, त्यामुळे इथून पुढे तिकिटावर विमानतळाचं नाव वाचायची सवय लावा. ड्रायव्हरने ‘मुंबई एअरपोर्ट’ एवढंच ऐकून गाडी भलतीकडे नेली तर वेळ हातची जाते.

आता तारखेचा घोळ. मुंबईहून बाहेरची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ०१:४० असेल, तर पुण्यातून ११ तारखेच्या दुपारीच निघायचंय. फ्रिजवर चिठ्ठी लावताना विमानाची तारीख लिहू नका, घरातून निघायची तारीख आणि वेळ लिहा.

वेळेचा हिशेब मागून करायचा. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, तीन तास आधी पोचावं. पुणे ते सहार, रस्ता मोकळा असेल तर साडेतीन-चार तास. त्यावर बोरघाटासाठी दोन तास धरा. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतणारी मुंबई तुमच्या पुढेच असते, आणि पावसाळ्यात दरड आली की सगळं तिथेच थांबतं. म्हणजे रात्री पावणेदोनच्या विमानासाठी दुपारी चारला घर सोडायचं. लवकर पोचलात तर विमानतळावर बसून राहाल, त्याने काही बिघडत नाही. पेठेत राहणाऱ्यांसाठी आणखी एक: अनंत चतुर्दशीचं आणि पालख्या शहरात असतानाचं तिकीट काढू नका. मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, टॅक्सी दारापर्यंत येणार नाही आणि बॅगा डोक्यावर घेऊन चालावं लागेल.

शाकाहारी असाल तर विमानातलं जेवण तिकीट काढतानाच नोंदवा. ‘एशियन व्हेजिटेरियन’ निवडलं की भारतीय पद्धतीचं मिळतं. नुसतं ‘व्हेज’ निवडलं तर बऱ्याचदा उकडलेल्या भाज्या पुढे येतात.

पैसे

रोख, फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड) आणि एक क्रेडिट कार्ड, तिन्ही थोडं थोडं. एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंतच परकीय रोख नेता येते, बाकी कार्डावर. चलन बदलताना रुपयांत रोख ५०,००० पर्यंतच देता येतात, पुढे बँकेतून. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट बरोबर लागतं. लक्ष्मी रोड किंवा कॅम्पातल्या दोन अधिकृत दुकानांचा आणि बँकेचा दर एकाच दिवशी विचारा. विमानतळावरचा दर सगळ्यात वाईट, तिथे फक्त पहिल्या टॅक्सीपुरते घ्या. थायलंड, इंडोनेशियासाठी डॉलर नेत असाल तर १०० च्या नव्या, न दुमडलेल्या नोटा मागा, त्यांना दर बरा मिळतो.

कार्डावरचा आंतरराष्ट्रीय वापर मुळात बंद असतो, बँकेच्या ॲपमधून चालू करा आणि मर्यादा ठरवा. परदेशी मशीनने ‘रुपयांत घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात द्या. रुपयांचा पर्याय ऐकायला गोड, पण त्यातला दर दुकानदाराच्या बँकेचा असतो. यूपीआय सिंगापूर, अमिराती, नेपाळ, श्रीलंका इथे काही ठिकाणी चालतं, मात्र त्याच्या भरवशावर पाकीट रिकामं ठेवू नका. ओटीपी भारतातल्या नंबरवरच येणार, म्हणून निघण्यापूर्वी त्या सिमचं रोमिंग चालू करा. इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम स्वस्त पडतं.

विमा आणि औषधं

शेंगेनला निदान ३०,००० युरोचं संरक्षण असलेला विमा सक्तीचा आहे. इतरत्र सक्ती नसली तरी काढाच. बीपी, मधुमेह असेल तर अर्जात लिहा. लपवलेल्या आजारावरचा दावा फेटाळला जातो आणि परदेशातल्या दवाखान्याचं बिल घरचं बजेट मोडतं. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटातच. केनिया-टांझानियाच्या सफारीला जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. तो दाखला नसला तर परत आल्यावर भारतातच विलगीकरणात ठेवू शकतात.

बॅगेतला फराळ

इथे आपली माणसं अडकतात. खसखस अमिराती आणि सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या यादीत येते. नुसती पुडीच नव्हे, अनारसे, घरचा मसाला, बाकरवडीचं सारण, सगळं तपासा. बाकरवडीच्या पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय दुबईच्या बॅगेत टाकू नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत धरल्या जातात. युरोप आणि ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तूप घरीच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला खायचं काहीही नेलं तरी फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर मोठा दंड होतो. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये दोन पिशव्यांत बांधून. पॉवर बँक बरोबर याच्या उलट, ती हातातल्याच बॅगेत.

मग न्यायचं काय? मेतकूट, भाजणीच्या चकल्या, चिवडा (खोबऱ्याचे काप वगळून), खाकरे आणि लोणच्याची छोटी पाकिटं. थायलंडमध्ये शाकाहारी दिसणाऱ्या भाजीतही माशाचा सॉस असतो, तिथे ‘जे’ म्हणून सांगितलं की मांस-मासे वगळून करून देतात.

परत येताना

अंगावर भारी दागिने घालून जायची हौस असेल तर निघतानाच कस्टमकडून ते नेत असल्याचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर येताना ते तिकडेच घेतले नाहीत हे सिद्ध करत बसावं लागेल. सोपा उपाय म्हणजे ते लॉकरमध्ये ठेवणं. दुबईतून सोनं आणायचा विचार असेल तर हे माहीत हवं: दागिन्यांवरची २० आणि ४० ग्रॅमची शुल्कमाफी वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे, आठवडाभराच्या पर्यटकाला ती मिळत नाही. आणलंच असेल तर कस्टमच्या लाल मार्गाने (शुल्क लागणारं सामान जाहीर करायची रांग) जाऊन सांगा.

मुंबईला पहाटे उतरणार असाल तर परतीची गाडी जातानाच ठरवून ठेवा आणि ड्रायव्हरला उतरण्याच्या वेळेनंतर दीड तासाची वेळ सांगा, इमिग्रेशन आणि बॅगांना तेवढा वेळ जातोच. फॉरेक्स कार्डावर उरलेली रक्कम आठवडाभरात परत करून घ्या, कारण बऱ्याच कार्डांवर वापर नसताना शुल्क कापलं जातं. टूरचं बिल आणि टीसीएसचा कागद विवरणपत्राच्या फायलीत लावा. सगळ्यांचे पासपोर्ट पुन्हा कपाटात ठेवण्याआधी मुदतीच्या तारखांचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या.